‘पिक अप’ आणि आपलं उचलणं

 

आमच्या बचत गटांच्या मागच्या बैठकीत ठरलं, की पाहुण्यांच्या तोंडी सतत येणारे इंग्रजी शब्द एकेक करून समजून घ्यायचे. व्याकरणाचं पुस्तक नको, शिकवणी नको. रोज कानावर आदळतात तेवढेच शब्द. पहिला कुठला घ्यायचा यावर फार चर्चा झालीच नाही. खोल्या देणाऱ्या, डबे करणाऱ्या, दस्तुरीवर डोक्यावर सामान वाहणाऱ्या, सगळ्यांनी एकच सांगितला. पिक अप.

तुम्ही म्हणाल, यात काय समजून घ्यायचंय? पिकअप म्हणजे भाजीची ती मागून उघडी गाडी. नाहीतर ‘पिकअप-ड्रॉप’, म्हणजे न्यायचं-सोडायचं. बरोबर आहे. पण हा शब्द दोन कामांत आपल्याला नडतो. एक पैशाच्या आणि दुसरं अब्रूच्या. म्हणून आज जरा सावकाश घेऊ.

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगते. माथेरानात मोटार येत नाही. २००३ साली इथला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, पण मोटारबंदी त्याच्याही कितीतरी आधीची. नेरळहून टॅक्सी किंवा आपली गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि तिथे थांबते. पुढे पायी चाला, घोडा करा, ई-रिक्षा मिळाली तर तिने जा, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल पकडा. हातरिक्षा होत्या, त्या सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे. त्या ओढणाऱ्यांच्या घरात चूल कशी पेटायची हा प्रश्न मात्र आमच्या गटांत रोज निघतो. तो वेगळा विषय, वेगळ्या दिवशी बोलू.

सांगायचं काय, की मुंबईचा पाहुणा फोनवर ‘पिक अप आहे का?’ असं विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एसी गाडी असते. आपल्या डोळ्यांपुढे घोडा असतो. आणि दोघंही खुशीत ‘हो हो’ म्हणून फोन ठेवतात.

मी या भाषणासाठी शब्दकोश उघडून बसले. पिक अपखाली अर्थांची ही लांब रांग! वाचता वाचता लक्षात आलं, की यातले निम्म्याहून जास्त अर्थ आपल्याला पाठ करायची गरजच नाही. आपलं ‘उचलणं’ बरंचसं तसंच वागतं.

बघा ना. खाली पडलेली पिशवी आपण उचलतो. ते म्हणतात, पिक अप द बॅग. फोन वाजला की आपण ओरडतो, ‘अगं, फोन उचल’. ते म्हणतात, पिक अप द फोन. घाटात ओझं जास्त झालं की ड्रायव्हर म्हणतो, गाडी उचलत नाही. इंग्रजीतही गाडीनं वेग घेतला की ती पिक अप करते. आपली मिनी ट्रेन १९०७ पासून धावते आहे, पण तिच्याबद्दल हे वाक्य बोलायची वेळ फारशी येत नाही. पोलिसांनी एखाद्याला उचलला, तिथेही त्यांचा पिक अप चालतो. आणि मला सगळ्यात आवडलेला अर्थ म्हणजे, लहान पोर घरातला शब्द उचलतं तो. कुणी न शिकवता, ऐकून ऐकून जे येतं ते पिक अप केलेलं.

आपल्या बाजारपेठेत चिक्कीच्या आणि चपलांच्या दुकानांत बसणाऱ्या किती मुली फाडफाड गुजराती बोलतात! कुठल्या शाळेत शिकल्या? पाहुण्यांकडून उचललं. इंग्रजीत सांगायचं तर ‘आय पिक्ट अप गुजराती ॲट द शॉप.’ मुलाखतीला जाणाऱ्या मुलींनो, हे वाक्य लाजून गिळू नका. हॉटेलच्या काउंटरवर माणूस घेताना याला किंमत असते. मात्र ‘पिक्ड’ असं ड वर जोर देऊन म्हणू नका. बोलताना ते ‘पिक्ट’ होतं आणि पुढच्या अपला चिकटतं, पिक्टप.

आता जरा लांबचे अर्थ. इथे आपलं उचलणं थोडं मागे राहतं, पण अंदाज येतो. पाऊस संपला, दिवाळी आली, की आपला धंदा पिक अप करतो, म्हणजे वर येतो, चालायला लागतो. नाताळात आणखी, मे महिन्यात आणखी. कुणी पाहुणी म्हणाली, ‘बिझनेस हॅज पिक्ट अप?’ तर ती आपुलकीनं विचारते आहे, की आता बरं चाललंय ना. रेडिओ किंवा मोबाइल रेंज पकडतो, तेही पिक अप. आणि पाहुणी खोकत खोकत म्हणाली, की ‘आय पिक्ट अप अ कोल्ड हिअर’, तर घाबरून जाऊ नका. तुमच्या खोलीमुळे सर्दी झाली असा आरोप त्यात नाही. इथे आल्यावर सर्दी झाली, एवढंच. आलं घालून चहा द्या.

डबे करणाऱ्या तायांसाठी एक. ‘वी विल पिक अप द ऑर्डर ॲट एट’ म्हणजे आठ वाजता आम्हीच येऊन जेवण घेऊन जाऊ. ‘प्लीज डिलिव्हर’ म्हणजे तुम्ही आणून द्या. या दोन्हींत पॅनोरमा पॉइंटपर्यंतची पायपीट आहे, तेव्हा नीट ऐका.

आता मूळ मुद्द्यावर येते. माणसाला पिक अप करणं म्हणजे त्याला उचलणं नाही, त्याला घ्यायला जाणं. एवढं सगळ्यांना माहीत आहे. खाली नेरळला उतरायचं आणि त्याला म्हणायचं पिक ‘अप’, ही इंग्रजीची मजा. पण घ्यायला जाणं आणि त्याचा खर्च उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंग्रजीत दोन्हींना पिक अपच म्हणतात. बिल कोण भरणार याला ‘हू विल पिक अप द बिल?’ असं म्हणतात. खर्च कोण करणार, तर ‘हू विल पिक अप द कॉस्ट?’ मराठीतही आपण ‘लग्नाचा खर्च मामानं उचलला’ असं म्हणतोच की. म्हणजे अर्थ आपल्याच घरातला आहे, फक्त इंग्रजीत आला की ओळखू येत नाही.

आमच्या एका गटातली ताई दोन खोल्या पाहुण्यांना देते. तिला सहा जणांच्या एका टोळक्याचा मोबाइलवर निरोप आला. त्यात लिहिलं होतं, ‘यू विल पिक अप द कॉस्ट ऑफ हॉर्सेस, राइट?’ तिनं त्यातला पिक अप वाचला, हॉर्सेस वाचलं, आणि तिला वाटलं, घोडे घेऊन दस्तुरीवर घ्यायला याल ना, असं विचारताहेत. तिनं उत्तर दिलं, ‘येस, पिक अप.’ आणि ती खरंच गेली. सहा घोडे ठरवून गेली. निघताना त्यांनी बिलातून सहा घोड्यांचं भाडं कापून पैसे दिले, आणि हातातला मोबाइल दाखवला. तिचाच ‘येस’ होता. भांडणार काय? दोन दिवस सहा माणसांना रांधून तिच्या हाती जे उरायचं, ते सगळं घोड्यांत गेलं.

त्यांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांच्याही मनात शंका नसेल. पण नुकसान कुणाचं झालं, हे दिसतंच आहे.

म्हणून आता गटात आम्ही एक रीत पाडली आहे. निरोपात पिक अप दिसला की उत्तरात पिक अप वापरायचाच नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. कोण येणार, कुठे येणार, आणि पैसे कुणाचे. इंग्रजीत असं लिहा, ‘वी विल मीट यू ॲट दस्तुरी.’ म्हणजे आम्ही तुम्हाला दस्तुरीला भेटू. नेरळ नाही, दस्तुरी. मग दुसरं वाक्य, ‘हॉर्स, ई-रिक्षा अँड पोर्टर चार्जेस आर एक्स्ट्रा.’ घोडा, ई-रिक्षा आणि हमालाचे पैसे वेगळे. आणि तिसरं, ‘यू पे देम डायरेक्टली.’ ते पैसे तुम्ही परस्पर त्यांनाच द्यायचे. तिन्ही वाक्यं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि जशीच्या तशी पाठवत जा. पाहुणा तुटतो का? आमच्या अनुभवात नाही तुटत. उलट इथे गाडी येत नाही हे त्याला आधी कळतं, तो चाकाची मोठी बॅग घरी ठेवतो, आणि दस्तुरीवरच्या आपल्याच बाईच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.

सामान वाहणाऱ्या मावश्यांनाही हेच. ‘कॅन यू पिक धिस अप?’ म्हणजे हे उचलता येईल का, एवढाच प्रश्न आहे. दर ठरलेला नाही. आधी कुठपर्यंत ते विचारायचं, मग दर बोलायचा, आणि मगच बॅगेला हात लावायचा.

आता दुसरीकडे वळते. पिक अप आणि उचलणं जुळतं म्हणून खूश होऊन आपण उलट्या दिशेनं गेलो, तर खड्डा आहे. आपल्या मराठीत एक ‘उचल’ आहे, जिला इंग्रजीत पिक अप म्हणता येत नाही. डोंगराखालच्या वाड्यांमधल्या आपल्या कातकरी भगिनींना ही उचल वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा भट्टीवाल्याकडून आगाऊ पैसे घ्यायचे, आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जाऊन ते फेडायचे. ती उचल.

एका वाडीतल्या बारावीच्या मुलीनं शिक्षणाच्या मदतीसाठी मुंबईच्या एका संस्थेचा अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत. घरची अडचण लिहा, अशी जागा होती. तिनं विचार करून, स्वतःच्या मनानं वाक्य लिहिलं, ‘माय फादर टेक्स पिकअप एव्हरी इयर फ्रॉम भट्टी ओनर.’ माझे वडील दरवर्षी भट्टीवाल्याकडून उचल घेतात. थोड्या दिवसांनी संस्थेचा फोन आला, की पिकअप कोणत्या साली घेतली, कुणाच्या नावावर आहे, आणि घरात गाडी असेल तर मदत कशाला हवी? ज्या घरात सायकल नाही, त्या घराला गाडीचे कागद मागितले.

फोनवरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही वाक्य बदलून पाठवलं, ‘माय फादर टेक्स ॲन ॲडव्हान्स फ्रॉम द किल्न ओनर, अँड द होल फॅमिली वर्क्स टू रिपे इट.’ ॲडव्हान्स म्हणजे आगाऊ रक्कम, किल्न म्हणजे भट्टी, आणि अख्खं कुटुंब राबून ती फेडतं. अर्ज पुढे सरकला. पण मला त्या मुलीचं कौतुक वाटतं. तिनं कुणाची नक्कल केली नव्हती. उचलणं म्हणजे पिक अप, मग उचल म्हणजे पिकअप, असा सरळ हिशोब लावला होता. भाषा अशीच शिकतात. फक्त या एका ठिकाणी हिशोब चुकतो.

आणि हेही इथेच सांगून टाकते. उचल फिटतच नाही, हिशोब कुणी दाखवत नाही, आणि काम सोडून जाऊ देत नाहीत, असं झालं तर तिला ॲडव्हान्ससुद्धा म्हणू नका. तिला बॉन्डेड लेबर म्हणतात, वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं ती बंद झालेली आहे, आणि अशा वेठबिगारीतलं कर्ज फेडायची जबाबदारीही त्या कायद्यानं संपते. यावर कारवाई करायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचं आहे. वाडीत असं कुणी असेल तर गटाला कळवा, अर्ज आपण मराठीतच लिहू.

आता तो अब्रूचा अर्थ. हा रेडिओवर सांगावा की नाही यावर आमच्यात वाद झाला. एक काकू म्हणाल्या, ‘घरात सासरे ऐकत असतात, नको.’ मी म्हटलं, सासऱ्यांनीही ऐकावं. अनोळखी मुलीशी गोड बोलून, ओळख वाढवून तिला आपल्याबरोबर नेण्याचा प्रयत्न करणं, यालाही इंग्रजीत पिक अप करणं म्हणतात. दुकानासमोर चार मुलं उभी आहेत, तुमच्याकडे बघून आपसांत पिक अप पिक अप करून हसताहेत, तर ती सामानाबद्दल बोलत नाहीत. तुम्हाला कळलंय हे त्यांना कळलं, की बहुतेक वेळा हसू थांबतं.

पण प्रत्येक वेळी वाईटच असतं असंही नाही. ‘आय विल पिक यू अप ॲट सेव्हन’ हे वाक्य बाप मुलीला म्हणतो, नवरा बायकोला म्हणतो, शाळेची बस मुलांना म्हणते. मी सातला तुला घ्यायला येईन. मग ओळखायचं कसं? कोण बोलतंय ते बघा. ओळखीचा माणूस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा असेल तर घ्यायला येणं. अनोळखी माणूस आणि वेळ-जागा तुम्ही न सांगता त्यानेच ठरवलेली, तर सरळ नाही म्हणा. ‘नो, थँक यू. माय ब्रदर इज कमिंग टू पिक मी अप.’ नको, माझा भाऊ मला घ्यायला येतोय. भाऊ नसला तरी चालेल, त्याला काय कळतंय.

या वाक्यात एक बारीक गोष्ट आहे. आपण ‘पिक मी अप’ म्हटलं, ‘पिक अप मी’ म्हटलं नाही. वस्तूचं नाव घेतलं तर ते कुठेही चालतं, ‘पिक अप द बॅग’ म्हणा की ‘पिक द बॅग अप’. पण मी, यू, हिम, हर, इट, देम, अस असे छोटे शब्द आले की ते मधेच बसवायचे. पिक इट अप. पिक देम अप. पाहुण्यांची पोरं वेफर्सचं पाकीट कट्ट्यावर ठेवतात तेव्हा ‘डोन्ट पुट इट देअर, द मंकी विल पिक इट अप’ असं म्हणा. खरं तर आपली माकडं उचलत नाहीत, हिसकावतात. त्याला वेगळा शब्द आहे, स्नॅच.

आणि अप गाळू नका. नुसतं पिक म्हटलं तर अर्थ बदलतो. एका शिक्षिकेनं मला हे फार छान समजावलं होतं. झाडावरचं करवंद तोडणं, मोगऱ्याची कळी खुडणं, हे नुसतं पिक. सकाळी प्राजक्ताखाली पडलेली फुलं वेचणं, मोहाखालची फुलं टोपलीत भरणं, हे पिक अप. आपल्याकडे तोडणं, खुडणं, वेचणं, उचलणं, निवडणं असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यांचं सगळं काम एक पिक आणि एक अप मिळून करतात. त्यामुळे पॉइंटवर पाटी लावायची असेल तर ‘डू नॉट पिक फ्लॉवर्स’, म्हणजे फुलं तोडू नका, आणि कचऱ्याची असेल तर ‘प्लीज पिक अप युअर ट्रॅश’, तुमचा कचरा उचला. अप चुकून इकडचं तिकडे झालं तर लोक फुलं तशीच तोडत बसतील.

ज्या गटांना अशा पाट्या रंगवून हव्या आहेत त्यांनी मजकूर कागदावर लिहून पुढच्या बैठकीत आणा, मी तपासून देईन. खोल्या देणाऱ्यांनी ती तीन वाक्यं सीझन सुरू व्हायच्या आत मोबाइलमध्ये भरून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारच्या शाळकरी मुलीला सांगा, ती पाच मिनिटांत करून देते. पुढच्या वेळी ‘चेक आउट’ घेऊ. खोली साफ करणाऱ्या बायकांची सारी दुपार त्या एका शब्दावर अवलंबून असते, तेव्हा त्यांचे प्रश्न आधी कळवा.